‘अहमदाबादचा प्रयोग’ : जबाबदारी आणि हक्क

ए. के. राइस यांचा ‘प्रॉडक्टिव्हिटी अँड सोशल ऑर्गनायझेशन : दि अहमदाबाद एक्स्पेरिमेंट’ हा ग्रंथ १९५८ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक प्रकाशनाने प्रसिद्ध केला. श्रमव्यवस्थापनाच्या अभ्यासात त्याला जे स्थान लाभले ते मुख्यतः एका निष्कर्षामुळे. कामगारास वरून हाकण्याऐवजी त्याच्या लहानशा गटावर सबंध कामाची जबाबदारी सोपविली, तर तो अधिक आणि चांगले काम करतो, असा तो निष्कर्ष होय. तो खोटा नव्हे. परंतु ग्रंथातील पुराव्याला पेलेल त्याहून अधिक भार त्याच्यावर घालण्यात आला आहे. आणि ज्या ठिकाणी त्याची खरी कसोटी लागावयाची, तो कामगाराच्या हक्काचा प्रश्न कडेलाच राहिला आहे.

अहमदाबादेतील कॅलिको कंपनीच्या ज्युबिली मिलमध्ये १९५२ साली स्वयंचलित माग बसविण्यात आले. माग नवे, कापूस तोच, माणसेही अनुभवी. तरीही उत्पादन अपेक्षेप्रमाणे वाढेना. १९५३ मध्ये राइस यांनी हे साळखाते पाहिले, तेव्हा २२४ मागांवर २९ माणसे होती आणि त्यांची कामे बारा प्रकारांत वाटलेली होती. एका विणकराकडे २४ किंवा ३२ माग. बॅटरीत कांड्या भरणाऱ्याकडे ४० ते ५०. तुटलेले ताणे जोडणाऱ्याकडे त्याहून अधिक. कोणाचीही हद्द दुसऱ्याच्या हद्दीशी जुळत नव्हती. धागा तुटून माग थांबला, तर दोष कोणाचा आणि हाक कोणाला मारावयाची, हे विणकराला ठाऊक नसे. कारण ज्याला हाक मारावयाची तो त्याच वेळी दुसऱ्या विणकराचाही देणेकरी असे. कामगार आळशी आहे की काय, हा मालकवर्गाचा नित्याचा प्रश्न राइस यांनी बाजूस सारला आणि दोष माणसात नसून मांडणीत आहे, असे दाखवून दिले. सबंध ग्रंथात या निदानाइतके भरीव दुसरे काही नाही.

पुढची घटना सर्वश्रुत आहे. सात जणांनी मिळून ६४ माग चालवावेत, कामाची वाटणी आपसांत करावी, ही कल्पना चर्चेत पुढे येताच जॉबर आणि कामगार यांनी ती उचलून धरली व आपले जोडीदार आपणच निवडले. मागांची कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर गेली आणि सदोष कापडाचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांपर्यंत उतरले.

हे आकडे मोठे आहेत, पण ते एकाच कारणाचे फळ आहेत असे कशावरून? कामाची हद्द बदलली तेव्हाच वेतनाची रचनाही बदलली. वरिष्ठांचे लक्ष या खात्यावर खिळले होते. ज्याच्याकडे कालपर्यंत कोणी पाहत नव्हते त्याचे मत विचारले जाऊ लागले. यांपैकी कशाने किती फरक पडला, हे वेगळे काढण्याची सोय प्रयोगाच्या रचनेतच नव्हती, आणि ही शंका नंतरच्या अभ्यासकांनीही घेतलेली आहे. अमेरिकेतील हॉथॉर्न कारखान्याच्या प्रसिद्ध प्रयोगालाही हाच दोष लागतो. तेथे तर १९२८ च्या आरंभी पाचांपैकी दोन कामकरणींना पुरेसे सहकार्य करीत नाहीत म्हणून बदलण्यात आले, आणि उरलेल्यांच्या उत्साहावर ‘मानवी संबंधां’चा सिद्धान्त उभा राहिला!

जोडीदार स्वतः निवडण्याच्या पद्धतीचे व्यवस्थापनशास्त्राला मोठे कौतुक आहे. पण गिरणीच्या साळखात्याचा इतिहास जाणणाऱ्याला येथे थबकावे लागते. मुंबईत अस्पृश्य कामगारांना विणकामाची दारे बंद होती; धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागत असल्याने विटाळाचे निमित्त पुढे केले जाई, आणि अधिक मजुरीचे काम त्यांच्या वाट्याला येत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला होता. अहमदाबादेतही दलित कामगार मुख्यत्वे सूतकताईच्या खात्यांत एकवटलेले होते. अशा व्यवसायात ‘ज्याला जो आवडेल तो’ हे तत्त्व कोणाला आत घेते याबरोबरच कोणाला बाहेर ठेवते, हेही तपासावयास हवे. बदली कामगाराची गतही तीच. सातांचा गट एकजीव होतो, पण एखादा गैरहजर राहिला म्हणून एका पाळीपुरता आलेला आठवा माणूस त्या एकजिवात कोठे बसतो?

अहमदाबाद हे काही हक्कांच्या बाबतीत ओसाड शहर नव्हते. १९१८ च्या लढ्यानंतर लवादाने ३५ टक्के वाढ मान्य केली आणि १९२० मध्ये मजूर महाजनाची स्थापना झाली. त्या लढ्यात गिरणीमालकांच्या बाजूस अंबालाल साराभाई व कामगारांच्या बाजूस त्यांची भगिनी अनसूयाबेन होत्या. राइस यांच्या प्रयोगाच्या काळी कंपनी चालवीत होते ते अंबालालांचे पुत्र गौतम. प्रयोगाच्या वेळी शहर मुंबई राज्यात होते आणि तेथे १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू होता. ठरावीक बाबींत कामाच्या पद्धतीत बदल करावयाचा तर मालकाने रीतसर सूचना द्यावी, अशी त्या कायद्याची अपेक्षा. म्हणजे कामाची मांडणी हा वाटाघाटीचा विषय आहे, हे तत्त्व तेथे आधीच रुजलेले होते. राइस यांच्या विवेचनाचा केंद्रबिंदू मात्र गट आणि त्याचे कार्य हा आहे. गटाला मिळालेली स्वायत्तता ही व्यवस्थापनाने दिलेली गोष्ट आहे. ती काढून घेतली गेली तर कामगाराने कोणाकडे दाद मागावयाची, हा प्रश्न त्या चौकटीत उद्भवतच नाही.

तो पुढे प्रत्यक्षात उद्भवला. एरिक मिलर यांनी १९७० मध्ये याच गिरणीची पुन्हा पाहणी केली आणि १९७५ मध्ये तिचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. एका खात्यात गटपद्धती जवळजवळ मूळ स्वरूपात टिकून होती व कामाचा दर्जाही उतरला नव्हता. अन्यत्र मात्र बाजाराचा ताण वाढला तशी वरची देखरेख परतली आणि गट नावापुरते उरले. तेथील विणकर १९५३ मध्ये उत्साही होता आणि पुढे निरुत्साही झाला, असे या फरकाचे स्पष्टीकरण करणे हा राइस यांच्याच निदानाशी द्रोह ठरेल. मिलर यांना तेथे आढळले ते इतकेच, की अडचणीच्या दिवसांत कोणता माग कोणी व कसा चालवावा हे ठरविण्याचा अधिकार पुन्हा पर्यवेक्षकाकडे गेला होता. उत्पादनाची जबाबदारी तेवढी सातांवर होती तशीच राहिली.