साक्षीदार की लेखक?

‘होर्तुस मालाबारिकुस’ हा ग्रंथ बहुतेकांना चित्रांमुळे माहीत असतो. डच ईस्ट इंडिया कंपनीचा कोचीनचा अधिकारी हेन्ड्रिक फान ऱ्हेड याने तो करवून घेतला आणि 1678 ते 1693 या काळात अ‍ॅमस्टरडॅमहून त्याचे 12 लॅटिन खंड निघाले. मलबारच्या 700हून अधिक वनस्पती त्यात आहेत. चित्रे देखणी आहेत, यात वाद नाही. पण ग्रंथ वाचायचा तर पहिल्या खंडाच्या आरंभीची साक्षीपत्रे आधी वाचावीत.

एक पत्र इट्टी अच्युदन या एळवा वैद्याचे, मल्याळममध्ये. दुसरे रंग भट, विनायक पंडित आणि अपू भट या तिघांचे, नागरी लिपीत. त्याची भाषा कोकणी आहे. जुनी नागरी अक्षरे दिसली म्हणून ते मराठीच्या खात्यावर ओढण्याचा मोह आवरलेला बरा. दोन्ही पत्रे 1675ची. अच्युदन सांगतो ते घराण्यातल्या पोथीच्या आणि स्वतःच्या दीर्घ अनुभवाच्या आधारावर. तिघे कोकणी वैद्य निघंटूचा हवाला देतात, आणि झाडपाला ओळखणाऱ्या नोकरांकरवी दोन वर्षे वनस्पती गोळा करवल्याचे नोंदवतात. म्हणजे ‘एकीकडे पुस्तकी विज्ञान, दुसरीकडे तोंडी लोकज्ञान’ ही सोयीची वाटणी इथे पहिल्याच पानांवर मोडते. पोथी दोन्ही बाजूंना होती, आणि रानात फिरणारे पायही.

इतिहासकार रिचर्ड ग्रोव्ह यांनी या ग्रंथाला एळवा ज्ञानाचा ग्रंथ म्हणून पुढे आणले. ऱ्हेडने ब्राह्मणी वर्गीकरण बाजूला सारून एळवांचे स्वीकारले आणि तेच पुढे लिनियसपर्यंत पोचले, असे त्यांचे म्हणणे. अच्युदनला मधोमध आणण्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. तरी मांडणी मला जास्त सरळसोट वाटते. नोंदींमध्ये मल्याळम नावांबरोबर ‘ब्राह्मणांच्या भाषेतली’ नावेही येतात. कोणत्या झाडाचे कोणते म्हणणे कोणाचे, हे ग्रंथ सांगत नाही. जातीच्या रेषेवर त्याची फाळणी करायला लागणारा पुरावा त्याने स्वतःच पुसला आहे. आणि या साऱ्या चर्चेत ते नोकर निनावीच राहतात. माझ्या लेखी ग्रंथाचा खरा दोष हा.

पुढे काय झाले ते झाडांच्या नावांत दिसते. ‘तेक्क’ हा सागाचा मल्याळम शब्द पोर्तुगीज ‘तेका’मार्गे ‘टेक्टोना’त टिकला. जहाजबांधणीच्या लाकडाचे नाव व्यापाराने विसरू दिले नाही. सातवीण, म्हणजे मल्याळी ‘पाला’, तितकी नशीबवान नाही. तिची साल तापावर देणाऱ्या वैद्यांचा तिच्या शास्त्रीय नावात मागमूस नाही. ‘अल्स्टोनिया’ हे एडिंबरोच्या चार्ल्स अल्स्टन या प्राध्यापकाच्या स्मरणार्थ. ‘स्कोलॅरिस’ मात्र उपयोग सांगते: तिच्या लाकडाच्या पाट्यांवर मुले अक्षरे गिरवत. गंमत म्हणजे हा धागा मलबारचा नाही. अंबोनमधल्या रुम्फियसने तिला आधीच ‘शाळेचे लाकूड’ म्हटले होते. अच्युदनच्या वाट्याला वनस्पतिशास्त्रात ‘अच्युडेमिया’ ही प्रजाती आली, खाजकुयलीसारखे अंगाला झोंबणाऱ्या आग्याच्या कुळातली.

लिनियसने 1753च्या ग्रंथात ऱ्हेडचा हवाला वारंवार दिला, पण हवाला ऱ्हेडचा. चित्र आणि आकार पुढे गेले, औषधी गुण मागे पडले. काजऱ्यासारख्या झाडाच्या बाबतीत हे किरकोळ नाही. बी विषारी, औषध होते ते शोधनाने आणि मात्रेने. ती मात्रा जाणणारा माणूस म्हणजे त्या ज्ञानाचा अर्धा भाग.

के. एस. मणिलाल यांनी काही दशके खपून, ऱ्हेडच्याच प्रदेशात या वनस्पती पुन्हा शोधून, केलेला इंग्रजी अनुवाद 2003मध्ये केरळ विद्यापीठाने काढला. मल्याळम 2008मध्ये आला. ज्यांच्या तोंडून ग्रंथ उतरला त्यांच्या भाषेत तो यायला 300हून अधिक वर्षे लागली. अनुवाद हाती असताना त्या चौघांना ‘माहिती देणारे’ म्हणत राहण्याला आता सबब नाही. मुखपृष्ठावर ऱ्हेडच्या शेजारी त्यांची नावे छापायला काय हरकत आहे?