कडेवरची शहरे आणि मुंबईचा एफएम : उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर पट्ट्यातील रेडिओचा एक आढावा

उल्हासनगर, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर ही मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावरील तीन शहरे एफएम रेडिओच्या हिशेबात मुंबईतच मोडतात. येथे ऐकू येणाऱ्या मुंबईच्या खासगी वाहिन्यांचे परवाने मुंबईचे असतात, त्यांच्या जाहिरातींचे दर मुंबईच्या बाजारावर ठरतात आणि त्यांचे निवेदक बोलतात तेही प्रामुख्याने मुंबईबद्दलच. गेल्या दोन दशकांत या वाहिन्यांनी आपले फॉरमॅट अनेकदा बदलले. फॉरमॅट म्हणजे कोणते संगीत, कोणत्या वयाच्या श्रोत्यासाठी, कोणत्या भाषेत आणि बोलणे व गाणे यांच्या कोणत्या प्रमाणात द्यायचे, याची वाहिनीने आखून घेतलेली चौकट. ही चौकट नव्या गाण्यांकडून जुन्या गाण्यांकडे, हिंदीकडून इंग्रजीकडे आणि थट्टामस्करीकडून प्रेमगीतांकडे सरकत राहिली. परंतु वाहिनी कोणत्या गावाची आहे, हा प्रश्न त्या चौकटीत कधी शिरलाच नाही. या पट्ट्याची उणीव लहरींची नसून स्वतःच्या आवाजाची आहे आणि कमी शक्तीचा प्रक्षेपक ती उणीव भरून काढेल की आणखी पक्की करील, हे त्याच्या वॅटवर नव्हे तर त्याच्यामागे कार्यक्रम कुठे तयार होतो यावर ठरते, असे या क्षेत्राच्या आजच्या स्थितीवरून म्हणता येते.

प्रथम भूगोल पाहणे आवश्यक आहे. एफएमच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. मध्यमलहरींप्रमाणे त्या जमिनीला बिलगून दूरवर पोहोचत नाहीत. त्यामुळे प्रक्षेपकाच्या शक्तीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व अँटेनाच्या उंचीला येते. वरळीच्या दूरदर्शन मनोऱ्याइतक्या, म्हणजे 300 मीटर उंचीवर अँटेना असल्यास तिचे रेडिओ-क्षितिज सुमारे 70 किलोमीटरवर जाते, तर 100 मीटर उंचीवरून ते जेमतेम 40 किलोमीटरवर येऊन थांबते. ही तीन शहरे वरळीपासून सरळ रेषेत 40 ते 50 किलोमीटरवर आहेत आणि मध्ये पारसिकची डोंगररांग, तर बदलापूरच्या बाजूला मलंगगडाचा डोंगर आडवा येतो. अशा कडेवर लहर पोहोचते खरी, पण तिचा भरवसा नसतो : गच्चीवर खणखणीत ऐकू येणारी वाहिनी इमारतीच्या मागील खोलीत खरखरते आणि क्षीण लहरीत स्टिरिओचा दर्जा सर्वांत आधी ढासळतो. त्यातच मिर्ची 98.3, रेडिओ सिटी 91.1 आणि रेड एफएम 93.5 या वाहिन्या मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांत त्याच कंप्रतांवर चालतात. कंप्रता म्हणजे लहरीच्या कंपनांची दर सेकंदाची संख्या, अर्थात रेडिओच्या तबकडीवरचा आकडा. एकाच कंप्रतेवर दोन लहरी आल्या तर एफएमचा ग्राहकसंच त्यांतील प्रबळ लहर पकडतो आणि दुर्बळ लहर दाबतो. मुंबई आणि पुणे यांना एकमेकांपासून अलग ठेवण्याचे मोठे काम मधला सह्याद्री करतो. म्हणून या पट्ट्याला पुण्याचा पर्याय मिळत नाही आणि त्याचा कान मुंबईकडेच लागलेला राहतो.

भूगोलाने जे अर्धवट केले ते परवाना-धोरणाने पूर्ण केले. खासगी एफएमचे परवाने शहरवार दिले जातात आणि शहरांची प्रतवारी लोकसंख्येवर केली जाते : मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई ही महानगरे सर्वांत वरच्या प्रतीत, त्याखाली वीस लाखांवरील शहरे, मग दहा ते वीस लाख, तीन ते दहा लाख आणि एक ते तीन लाख, अशी ही उतरंड आहे. 2011 च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या पाच लाखांच्या वर, अंबरनाथची अडीच लाखांच्या वर आणि बदलापूरची पावणेदोन लाखांच्या आसपास होती. ही शहरे मुंबईपासून दूर कुठे तरी वसली असती तर पहिले ‘क’ आणि उरलेली दोन ‘ड’ प्रतीत जाऊन स्वतःच्या परवान्यांसाठी पात्र ठरली असती. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट 2024 मध्ये 234 नव्या शहरांत 730 वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली तेव्हा महाराष्ट्रातून लातूर, मालेगाव, चंद्रपूर यांसारखी शहरे त्या यादीत आली. मुंबईच्या प्रक्षेपणक्षेत्रात आधीच गणल्या गेलेल्या शहरांचा अशा यादीत विचारच होत नाही. महानगराच्या सावलीत असणे हीच त्यांची अपात्रता ठरते. शिवाय एका शहरातील दोन वाहिन्यांमध्ये 800 किलोहर्ट्‌झ अंतर राखण्याचा प्रघात असल्यामुळे मुंबईच्या पट्टीत नव्या वाहिन्यांना मोकळी जागाही फारशी उरत नाही. हे अंतर निम्म्यावर, म्हणजे 400 किलोहर्ट्‌झवर आणावे, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्रायने) 2012 मध्येच केली होती.

या पार्श्वभूमीवर फॉरमॅटचा इतिहास वाचला की त्यातील फेरफारांचा अर्थ उलगडतो. ऑगस्ट 1993 मध्ये आकाशवाणीने आपल्या एफएम वाहिनीवरील वेळ खासगी कंपन्यांना देऊ केला आणि टाइम्स एफएम व रेडिओ मिड-डे यांच्यामुळे मुंबईकरांना निराळ्या धाटणीच्या निवेदनाची ओळख झाली. मुंबईत स्वतंत्र खासगी वाहिन्या 2002 मध्ये आल्या : रेडिओ मिर्ची, रेडिओ सिटी, रेड एफएम, गो 92.5 आणि विन 94.6. परवाना-शुल्क दरवर्षी 15 टक्क्यांनी वाढत जाण्याची अट त्या वेळी होती. उत्पन्न वाढो वा न वाढो, शुल्क वाढणारच, अशा परिस्थितीत विन बंद पडली आणि इतरांपैकी बहुतेकांनी सर्वांत जास्त श्रोते खेचणाऱ्या नव्या हिंदी चित्रपटगीतांचा आश्रय घेतला. 2005 च्या धोरणाने शुल्काऐवजी उत्पन्नातील चार टक्के वाटा ठरवला, तेव्हा बिग एफएम, फीवर यांसारख्या वाहिन्यांची भर पडली. परंतु संख्या वाढली म्हणून विविधता वाढली नाही, कारण जाहिरातदार श्रोत्यांची गणना संपूर्ण मुंबईचा एकच बाजार धरून करत होते आणि 2007 पासून डायरी-पद्धतीने होऊ लागलेले श्रोतेमापनही त्याच एकसंध मुंबईचे होते.

त्यातल्या त्यात खरी चाचपणी दिसते ती 94.3 वरील रेडिओ वनच्या वाटचालीत. उच्चभ्रू श्रोत्यांसाठी इंग्रजी संगीत देणारी गो 92.5 ही तिची पूर्वज. पुढे नाव पालटून ती हिंदीकडे वळली, कंप्रता बदलली आणि कालांतराने पुन्हा आंतरराष्ट्रीय, म्हणजे मुख्यतः इंग्रजी, संगीताकडे परतली. 104.8 वर म्यावची ओये झाली आणि ओयेची 2016 मध्ये इश्क झाली. 2015 च्या लिलावात मुंबईतील दोन कंप्रता प्रत्येकी सव्वाशे कोटींच्या घरात विकल्या गेल्या आणि त्यांवर 2016 मध्ये नशा 91.9 व रेडट्रो 106.4 या जुन्या हिंदी गाण्यांच्या वाहिन्या उभ्या राहिल्या. त्यांपैकी दुसरी पुढे मॅजिक झाली. एवढी रक्कम प्रवेशासाठीच मोजल्यावर कोणतीही वाहिनी लहान समूहाच्या आवडीवर पैज लावणार नाही, हे उघड आहे. परिणामी काल, भाव आणि भाषा यांची अदलाबदल होत राहिली; स्थळ मात्र सर्वांचे एकच राहिले.

स्थळ वगळल्याने नेमके काय हरवते, हे दैनंदिन सूचनांच्या पातळीवर पाहिले की स्पष्ट होते. उल्हासनगरला पाणी औद्योगिक विकास महामंडळाकडून मिळते, तर अंबरनाथ व बदलापूर यांचा पुरवठा जीवन प्राधिकरण सांभाळते. वीज तिन्ही शहरांत महावितरणची, म्हणजे बेस्ट, टाटा वा अदानी यांच्या मुंबईतील ग्राहकांहून वेगळी. मुंबईच्या निवेदकाने दिलेली पाणीकपातीची बातमी म्हणूनच बदलापूरच्या गृहिणीच्या काही कामाची नसते, आणि बॅरेज बंधाऱ्यावरील दुरुस्तीमुळे बदलापूरच्या कात्रप किंवा बेलवली भागात उद्या पाणी येणार नाही, हे मुंबईच्या श्रोत्याला सांगण्यात वाहिनीला रस नसतो. पश्चिम द्रुतगती मार्गावरील कोंडी तासातासाला ऐकू येते. कल्याण–बदलापूर रस्त्यावर फॉरेस्ट नाक्यापाशी काय चालले आहे, ते फारसे कानी पडत नाही. उल्हास नदीला पूर आला की प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही. 27 जुलै 2019 रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना सोडवावे लागले, तेव्हा नदीकाठच्या वस्त्यांना हवी असलेली माहिती अत्यंत स्थानिक होती : कोणता रस्ता खुला आहे, पाणी कुठवर चढले आहे, वीज कुठे तोडली आहे.

खासगी एफएमवर बातम्यांना बंदी असल्यामुळे असे घडते, हे नेहमीचे स्पष्टीकरण येथे पुरेसे नाही. बंदी आहे हे खरे, आणि आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावण्यापलीकडे मुभा नाही हेही खरे. ट्रायने 2023 मध्ये तासाला दहा मिनिटे बातम्यांची परवानगी द्यावी अशी शिफारस केली ती यामुळेच. परंतु वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, रोजगार, सण-उत्सव, तसेच पाणी, वीज, नैसर्गिक आपत्ती आणि आरोग्य यांविषयी स्थानिक प्रशासनाने दिलेल्या सूचना खासगी एफएमच्या तिसऱ्या टप्प्याच्या, म्हणजे 2015 चा लिलाव ज्याखाली झाला त्या, धोरणाने बातम्यांतून वगळल्या आहेत. म्हणजे त्या देण्यास कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी आहे ती हिशेबाची. संपूर्ण मुंबईला विकलेल्या जाहिरातीच्या वेळेत तीन शहरांपुरती सूचना ही वाया गेलेली मिनिटे ठरतात.

कमी शक्तीच्या प्रक्षेपकाचा विचार येथे येतो. अमेरिकेत या वर्गात दोन अगदी निराळ्या गोष्टी मोडतात. ट्रान्सलेटर म्हणजे एखाद्या मोठ्या केंद्राचा कार्यक्रम उचलून तो दुसऱ्या कंप्रतेवर पुन्हा सोडणारा, कमाल 250 वॅटचा प्रक्षेपक. स्वतःचा कार्यक्रम निर्माण करण्याची त्याला मुभा नसते. याउलट 2000 साली सुरू झालेल्या ‘लो-पॉवर एफएम’ या प्रकारात बिगर-व्यापारी स्थानिक संस्थेला कमाल 100 वॅटवर स्वतःचे केंद्र चालवता येते. 2003 मध्ये ट्रान्सलेटरसाठी अर्ज मागवले गेले तेव्हा सुमारे 13,000 अर्ज आले आणि त्या गर्दीत स्थानिक केंद्रांना जागा मिळेनाशी झाली. 2011 मध्ये अमलात आलेल्या लोकल कम्युनिटी रेडिओ कायद्यानंतर ही कोंडी काही अंशी सुटली. पुढे मोठ्या कंपन्यांनी आपल्या डिजिटल उपवाहिन्या ट्रान्सलेटरवरून वाजवून नवे फॉरमॅट स्वस्तात उभे केले. मर्यादित लहरींवर पुनःक्षेपण आणि स्थानिक निर्मिती या दोघांनी हक्क सांगितला की आधी धावतो तो पुनःक्षेपक, कारण त्याला स्टुडिओ लागत नाही आणि माणसेही जवळजवळ लागत नाहीत, हा त्या अनुभवाचा धडा आहे.

भारतातही 100 वॅटचे हेच दुहेरी रूप आढळते. एप्रिल 2023 मध्ये आकाशवाणीचे 100 वॅटचे 91 एफएम प्रक्षेपक एकाच दिवशी सुरू झाले. जेथे एफएम पोहोचतच नव्हते तेथे या विस्ताराचे मोल आहे. पण दुसरीकडे तयार झालेला कार्यक्रम पुढे पोहोचवणे एवढेच पुनःक्षेपकाचे काम असते. त्याच शक्तीचा दुसरा वापर म्हणजे सामुदायिक रेडिओ. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, हा 1995 चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय त्याचा पाया होय. 2002 मध्ये शिक्षणसंस्थांना आणि 2006 मध्ये स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांना परवाने खुले झाले. शक्ती 100 वॅट, मनोरा साधारणतः 30 मीटरपर्यंत, पोहोच पाच ते दहा किलोमीटर आणि निदान निम्मा कार्यक्रम स्थानिक निर्मितीचा, अशा त्याच्या अटी आहेत. म्हसवडचे माणदेशी तरंग, बारामतीची वसुंधरा वाहिनी, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची विद्यावाणी आणि मुंबई विद्यापीठाचे मस्ट रेडिओ ही महाराष्ट्रातील परिचित उदाहरणे. यांपैकी म्हसवड व बारामतीची केंद्रे एका मर्यादित परिसराशी बांधलेली आहेत, तर विद्यापीठीय केंद्रांचा परिसर हा बहुधा आवाराचा आणि विद्यार्थ्यांचा असतो. मुंबई विद्यापीठाच्या कलिना येथील आवारातून सुटणारी 100 वॅटची लहर अंबरनाथला पोहोचणे शक्य नाही. म्हणजे महानगरातील सामुदायिक केंद्रेही महानगराच्या आतल्याच बाजूला उजेड पाडतात.

या साधनाचे माप मात्र तीन शहरांच्या पट्ट्याला चपखल बसते. रेल्वेने उल्हासनगर ते अंबरनाथ दोन-तीन आणि अंबरनाथ ते बदलापूर आठ किलोमीटर. अंबरनाथला ठेवलेला एक 100 वॅटचा प्रक्षेपक तिन्ही शहरांना बऱ्याच अंशी कवेत घेऊ शकतो. सांस्कृतिक सामग्रीचीही येथे वानवा नाही. 1949 मध्ये नामकरण झालेले उल्हासनगर फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावण्यांतून उभे राहिले. कॅम्प नंबर एक ते पाच हे पत्ते आजही चालतात आणि 1967 मध्ये आठव्या अनुसूचीत आलेल्या सिंधी भाषेला महाराष्ट्रात एवढा सलग श्रोतृवर्ग क्वचितच मिळतो. अंबरनाथचे 1060 चे शिवमंदिर आणि भोवतालचा कारखान्यांचा पसारा, बदलापुरात मुंबई-डोंबिवलीकडून येऊन स्थिरावलेली मराठी कुटुंबे, आणि सभोवतालच्या गावांतील आगरी बोली, यांना एकत्र बोलावणारा फॉरमॅट कोणत्याही मापनपत्रकात आढळणार नाही. तो येथेच घडवावा लागेल.

मात्र सामुदायिक रेडिओचे उदात्तीकरणही टाळले पाहिजे. फेब्रुवारी 2024 च्या सुधारित धोरणाने परवान्याची मुदत दहा वर्षे केली, जाहिरातीची वेळ तासाला सात मिनिटांवरून बारा मिनिटांवर नेली आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना 74 रुपये ठरवला. तरीही पगारी निवेदक, दुरुस्ती आणि वीज यांचा खर्च त्यातून भागवणे कठीण जाते. बातम्यांची मनाई येथेही आहे, त्यामुळे अंबरनाथ-उल्हासनगरमधून वाहणाऱ्या वालधुनी नदीच्या प्रदूषणावर चर्चा करता येते, पण कोणत्या कारखान्यावर काल कारवाई झाली हे बातमी म्हणून सांगता येत नाही. आणि मूळ संस्थेचा प्रचार हाच ज्याचा मुख्य मजकूर ठरतो, ते केंद्र गावात असूनही गावाचे नसते.

पुढील कसोटी डिजिटल टप्प्याची आहे. ट्रायने ऑक्टोबर 2025 मध्ये मोठ्या शहरांसाठी केलेल्या शिफारशींनुसार एकाच कंप्रतेवर एक ॲनालॉग, तीन डिजिटल आणि एक माहितीवाहिनी चालवता येईल. जागेची टंचाई हे आजवरचे कारण त्यामुळे बरेच लटके पडेल. तीन जादा वाहिन्यांवर आणखी एक जुन्या गाण्यांची आणि आणखी एक प्रेमगीतांची वाहिनी आली तर मुंबईच्या कडेवरील श्रोत्याच्या पदरात नवे काही पडणार नाही. म्हणून धोरणाने दोन गोष्टी मागायला हव्यात : महानगराच्या परवान्यावरील डिजिटल वाहिन्यांपैकी एकीवर ठरावीक वेळ उपनगरापलीकडील शहरांत तयार झालेल्या कार्यक्रमाला, आणि अशा शहरांतील सामुदायिक केंद्रांच्या अर्जांना महानगराच्या गणतीतून सोडवून प्राधान्य. फॉरमॅटची समीक्षाही आवड आणि वयोगट यांपाशी थांबून चालणार नाही. कोणते गाणे लागले याबरोबर कोणत्या शहराचे पाणी, रस्ते आणि भाषा त्या वाहिनीच्या बोलण्यात आली, हे तपासले तर मुंबईच्या बाजारातील वैविध्याचा आजचा दावा उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूरच्या श्रोत्यापुरता तरी टिकत नाही.