टेक्सास कुणी जिंकलं? रनिंग मेट आणि मतांचा हिशेब

मागच्या व्याख्यानात आपण अमेरिकेतल्या निर्वाचक मतांची भानगड पाहिली. त्यानंतर श्रोत्यांचे जे प्रश्न आले, त्यात एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा होता. कमला हॅरिस यांनी टिम वॉल्झ यांच्याऐवजी पेनसिल्वेनियाचे गव्हर्नर जॉश शापिरो यांना सोबत घेतलं असतं तर २०२४ चा निकाल फिरला असता का? आज त्याच प्रश्नावर बोलू. तो प्रश्न मुळात बरोबर विचारला जातोय का, हेही तपासू.

आधी एक फरक लक्षात घ्या, नाहीतर पुढे घोटाळा होईल. आपल्याकडे उपराष्ट्रपतीची निवडणूक स्वतंत्र असते आणि तिथं मतं खासदारांची. राष्ट्रपतींचं निधन झालं तर उपराष्ट्रपती काम पाहतात, पण सहा महिन्यांच्या आत नवी निवडणूक घ्यावी लागते. १९६९ मध्ये झाकिर हुसेन गेले तेव्हा व्ही. व्ही. गिरी यांनी असा कारभार पाहिला, १९७७ मध्ये बी. डी. जत्ती यांनी. अमेरिकेत तसं नाही. तिथं एका तिकिटावर दोन नावं असतात आणि मतदार दोघांना मिळून एकच मत देतो. ‘वरचा हवा, खालचा नको’ ही सोय नाही. आणि वरचा गेला, तर खालचा उरलेली सगळी मुदत अध्यक्ष असतो. सहा महिने नाही, तीन-साडेतीन वर्षंसुद्धा.

आता शापिरोंचं गणित. हे सोपं आहे, कागदसुद्धा लागत नाही. हॅरिस यांना २२६ निर्वाचक मतं मिळाली, हवी होती २७०. पेनसिल्वेनियाची १९. बेरीज २४५. म्हणजे शापिरोंनी आपलं राज्य पदरात टाकलं असतं तरी हॅरिस हरल्याच असत्या. जिंकायचं तर त्यांना मिशिगन आणि विस्कॉन्सिनही फिरवावं लागलं असतं, आणि तिथं ते कुणाचेच गव्हर्नर नव्हते. तरीसुद्धा निकालानंतर कित्येक दिवस ‘शापिरो असते तर’ हा सूर चालू राहिला. का?

आम्हाला वाटतं, याचं मूळ १९६० मध्ये आहे. रनिंग मेट राज्य जिंकून देतो, या समजुतीची गंगोत्री तीच. कथा अशी सांगतात: मॅसॅच्युसेट्सचा तरुण, श्रीमंत, कॅथलिक जॉन केनेडी. दक्षिणेत त्याच्याबद्दल अविश्वास. मग त्याने सिनेटमधला बहुमताचा नेता, टेक्ससचा लिंडन जॉन्सन याला बरोबर घेतलं. सख्ख्या भावाचा, रॉबर्टचा, विरोध असतानासुद्धा घेतलं. जॉन्सनने रेल्वेने दक्षिण पिंजून काढली, टेक्सास आणलं आणि केनेडी अध्यक्ष झाला. छान कथा आहे. सांगायला सोपी, ऐकायला गोड.

आता आकडे बघा. टेक्सासमध्ये साधारण २३ लाख मतं पडली आणि केनेडी-जॉन्सन जोडी सुमारे ४६ हजारांनी जिंकली. इतक्या थोड्या फरकात जॉन्सनचा वाटा असणार, हे आम्ही नाकारत नाही. पण टेक्सासची निर्वाचक मतं २४. केनेडीची एकूण ३०३, आणि त्या वर्षी बहुमताला २६९ लागत होती. टेक्सास वजा करा, २७९ उरतात. केनेडी तरीही अध्यक्ष! टेक्सासबरोबर इलिनॉयही गेलं असतं, जिथं फरक नऊ हजारांहूनही कमी होता, तर मात्र गणित बिघडलं असतं. दक्षिणेतली आणखी दोन-तीन राज्यं जॉन्सनच्या खात्यावर टाकली तरीही बिघडतं. ती टाकायची की नाही, यावर मतभेद होऊ शकतात.

शिवाय श्रेय नेमकं कुणाचं? कॅथलिक असण्याबद्दलच्या शंकांना उत्तर द्यायला १२ सप्टेंबर १९६० रोजी ह्यूस्टनमध्ये प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांसमोर उभा राहिला तो केनेडी स्वतः. त्या सभेचं श्रेय कथेतून गळालं आणि सगळा हार जॉन्सनच्या गळ्यात पडला. आणि हा गृहस्थ किती सावध होता बघा: त्याच दिवशी, त्याच राज्यातून, तो सिनेटच्या जागेसाठीही उभा होता. तशी मुभा देणारी तरतूद टेक्सासच्या कायद्यात केलेली होती. उपाध्यक्षपद नाही मिळालं तर सिनेट कुठं जात नाही. दोन्ही जिंकला.

म्हणजे एका वर्षाचं, एका राज्याचं, अर्धवट सिद्ध झालेलं उदाहरण, आणि त्यावर साठ वर्षांचं पंचांग!

या पंचांगाची खरी परीक्षा १९८८ मध्ये झाली, आणि ती मुद्दाम मांडल्यासारखी झाली. उमेदवार पुन्हा मॅसॅच्युसेट्सचा, मायकेल डुकाकिस. जोडीला पुन्हा टेक्ससचा वजनदार सिनेटर, लॉइड बेन्ट्सन. बेन्ट्सनही जॉन्सनसारखाच दोन्ही जागांवर उभा. समोर रिपब्लिकनांचा रनिंग मेट डॅन क्वेल, ज्याची टिंगल करणं हा तेव्हा देशभरचा उद्योग झाला होता. ऑक्टोबरमध्ये ओमाहाला दोघांची वादसभा झाली. क्वेलने आपल्या अनुभवाची तुलना केनेडीशी केली आणि बेन्ट्सनने एका वाक्यात त्याला गार केलं: केनेडीला मी ओळखत होतो, तुम्ही केनेडी नाही. ते दृश्य आजही दाखवलं जातं. वादसभा कुणी जिंकली, हे लहान मुलानेही सांगितलं असतं.

निकाल? बुश-क्वेल जोडीने ४० राज्यं जिंकली. टेक्सास धरून. आणि त्याच मतपत्रिकेवर, त्याच टेक्ससच्या मतदारांनी बेन्ट्सनला सिनेटवर सहज निवडून पाठवलं. माणूस त्यांना हवा होता, पण म्हणून त्याच्या जोडीचा डुकाकिस नको होता. मतदार वरच्या नावाकडे बघून मत देतो, याचा याहून स्वच्छ पुरावा आम्हाला तरी माहीत नाही.

क्रिस्टोफर डिवाइन आणि काइल कॉप्को या दोन राज्यशास्त्रज्ञांनी या विषयावर सलग काम केलं आहे. २०२० च्या पुस्तकात त्यांचा निष्कर्ष थोडक्यात असा: रनिंग मेट स्वतःच्या जोरावर फारशी मतं आणत नाही, घरच्या राज्याचा फायदाही फुगवून सांगितला जातो. पण या निवडीवरून मतदार वरच्या उमेदवाराची पारख करतो. याला माणसं निवडता येतात का, हा जबाबदार आहे का, हे त्याला तिथं दिसतं.

हे आम्हाला पटतं, आणि ‘रनिंग मेटने बुडवलं’ म्हणून सांगितली जाणारी उदाहरणं यातून नीट उलगडतात. १९७२ मध्ये जॉर्ज मॅकगव्हर्नने टॉमस ईगल्टनला घेतलं. ईगल्टनवर पूर्वी नैराश्यासाठी रुग्णालयात विजेच्या धक्क्यांचे उपचार झाले होते, हे बाहेर आलं. मॅकगव्हर्न म्हणाला, मी त्याच्या पाठीशी हजार टक्के उभा आहे. आणि थोड्याच दिवसांत त्याला उतरवलं. अधिवेशनापासून उतरवण्यापर्यंत अठरा दिवस. लोकांच्या लक्षात राहिला तो ‘हजार टक्के’ हा शब्द, आणि तो ईगल्टनचा नव्हता. अर्थात मॅकगव्हर्न ४९ राज्यांत हरला. एवढ्या मोठ्या पराभवाचं खापर एका माणसाच्या आजारावर फोडणं हा अन्यायच आहे.

सारा पेलिनचंही तेच. २०१२ चा ‘गेम चेंज’ हा चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. ज्युलियन मूर यांचं काम उत्तम आहे, वाद नाही. पण चित्रपट संपवून उठताना मनात राहतं की २००८ ची निवडणूक म्हणजे पेलिनची गोष्ट. जॉन मॅकेनने आपल्या ७२ व्या वाढदिवशी तिचं नाव जाहीर केलं, पुढचे काही दिवस गर्दी उसळली, मतचाचण्यांत मॅकेन पुढेही गेला. मग १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स बुडाली. सत्ताधारी पक्षाच्या उमेदवाराला त्या सप्टेंबरात कोण वाचवणार होतं? बँका पडद्यावर चांगल्या दिसत नाहीत, मुलाखतीत अडखळणारी बाई दिसते. पेलिनला न तपासता घाईत निवडण्याचा दोष मॅकेन आणि त्याच्या सल्लागारांचा. चित्रपट तो दोष दाखवतो, पण कॅमेरा सतत तिच्या तोंडावर.

इथपर्यंत हिशेब मतांचा झाला. आता आमची मुख्य तक्रार. ‘फायदा की तोटा’ हे जे माप आहे ते नोव्हेंबरपाशी थांबतं, आणि या पदाची खरी किंमत त्यानंतर कळते. आजवर नऊ उपाध्यक्ष मधेच अध्यक्ष झाले: आठ मृत्यूमुळे, एक राजीनाम्यामुळे. यातल्या बहुतेकांना निवडलं होतं ते तिकिटाचा समतोल साधायला.

१८४० मध्ये व्हिग पक्षाने विल्यम हेन्री हॅरिसनबरोबर व्हर्जिनियाचा जॉन टायलर घेतला, दक्षिणेची मतं मिळावीत म्हणून. व्हर्जिनिया त्यांच्या हाती लागलीच नाही, बाकी देशाच्या जोरावर ते निवडून आले. हॅरिसन ३१ दिवसांत वारला. पुढे टायलरने आपल्याच पक्षाची बँकेची विधेयकं दोनदा नाकारली, एक वेब्स्टर सोडून सगळं मंत्रिमंडळ राजीनामा देऊन गेलं आणि पक्षाने अध्यक्षालाच बाहेर काढलं. जाता जाता टेक्सास संघराज्यात घेण्याच्या ठरावावर त्यानेच सही केली. शीर्षकातल्या प्रश्नाचं हे एक उत्तर, हवं तर घ्या.

पण सगळ्यात महाग पडला तो दुसरा जॉन्सन, अँड्र्यू. १८६४ चं वर्ष, यादवी युद्ध चालू. लिंकनचे उपाध्यक्ष होते मेन राज्याचे हॅनिबल हॅमलिन. जूनमध्ये बाल्टिमोरच्या अधिवेशनात त्यांना बाजूला करून टेनेसीचा अँड्र्यू जॉन्सन घेतला. तो डेमोक्रॅट होता, दक्षिणेचा होता, पण संघराज्याशी एकनिष्ठ राहिलेला. युद्धाला पाठिंबा देणारे डेमोक्रॅट वळतील, असा डाव. त्या वेळी तो चुकीचा म्हणता येणार नाही, कारण ऑगस्टमध्ये खुद्द लिंकनला आपण हरणार असं वाटत होतं. मग सप्टेंबरमध्ये शेरमनने अटलांटा घेतलं, वारं फिरलं आणि लिंकन २१२ विरुद्ध २१ ने जिंकला. जॉन्सनच्या टेनेसीत मतदान झालं होतं, पण काँग्रेसने ती निर्वाचक मतं मोजलीच नाहीत. घरच्या राज्याचा फायदा शून्य. अक्षरशः शून्य.

शपथेनंतर बेचाळीस दिवसांनी लिंकनचा खून झाला. आणि गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या चाळीस लाख माणसांचं काय करायचं, हे ठरवायची वेळ आली तेव्हा खुर्चीत कोण होता? अँड्र्यू जॉन्सन. त्याने बंडखोरांना भराभर माफी दिली. मुक्त झालेल्यांना कसायला दिलेल्या जमिनी जुन्या मालकांना परत करायला लावल्या. १८६६ चा नागरी हक्कांचा कायदा त्याने नाकारला आणि काँग्रेसला तो त्याच्या डोक्यावरून मंजूर करावा लागला. १८६८ मध्ये त्याच्यावर महाभियोग चालला, एका मताने वाचला. ही निवड प्रचाराला फायद्याची होती की तोट्याची? प्रचारापुरती तशी बरीच म्हणायची! जमीन गेलेल्यांना विचारून बघा.

उलट उदाहरणही आहे. १९४४ मध्ये रूझवेल्ट यांची तब्येत ढासळलेली होती. हेन्री वॉलेस यांना काढून ट्रुमन यांना आणणाऱ्या पक्षधुरिणांना ठाऊक होतं की आपण बहुधा पुढचा अध्यक्ष निवडतोय. मतांपेक्षा तो विचार पुढे होता. तरी गंमत अशी की निवडून आल्यावर या माणसाला कुणी काही सांगितलं नाही. शपथेनंतर ८२ दिवसांनी रूझवेल्ट गेले, ट्रुमन अध्यक्ष झाले आणि त्यानंतर त्यांना अणुबॉम्बबद्दल कळलं.

आणि १९६० चा जॉन्सन? दक्षिणेतल्या गोऱ्या मतदाराला बरं वाटावं म्हणून तिकिटावर आलेल्या या माणसाने १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा मंजूर करून घेतले. व्हिएतनामही त्याचंच. टेक्ससच्या ४६ हजार मतांच्या गोष्टीत यातलं काहीही मावत नाही.

आता परत अलीकडे येऊ. जुलै २०२४ मध्ये शिकागोला कृष्णवर्णीय पत्रकारांच्या परिषदेत डोनाल्ड ट्रम्प यांना जे. डी. व्हान्स यांच्याबद्दल विचारलं, तेव्हा ते म्हणाले की निवडणुकीवर उपाध्यक्षाच्या उमेदवाराचा जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. या एका बाबतीत अभ्यासक आणि ट्रम्प यांचं बऱ्यापैकी जुळतं. आठ वर्षांपूर्वी मात्र त्यांनी माइक पेन्स यांना घेतलं होतं ते चर्चनिष्ठ मतदारांना धीर वाटावा म्हणून. त्या हिशेबात ६ जानेवारी २०२१ कुणी धरला नव्हता. त्या दिवशी निर्वाचक मतांची मोजणी चालवायला पेन्स बसले होते, निकाल फिरवायला त्यांनी नकार दिला, आणि बाहेर जमाव त्यांना शोधत होता.

मग व्हान्स कशासाठी? ओहायो ट्रम्प यांनी २०१६ आणि २०२० मध्ये आरामात जिंकलं होतं, त्याची काळजी नव्हती. फेब्रुवारी २०२४ मध्ये व्हान्स यांनी एबीसी वाहिनीवर सांगितलं होतं की पेन्स यांच्या जागी मी असतो, तर राज्यांना निर्वाचकांच्या एकाहून अधिक याद्या पाठवायला सांगितलं असतं. जुलैमध्ये त्यांचं नाव जाहीर झालं.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ या.