'धर्मग्राम' आणि नोकरदार तरुण : वसई धर्मप्रांताच्या संदर्भात एक चिकित्सा

'पॅरिश' या संज्ञेसाठी मराठी कॅथलिक समाजात 'धर्मग्राम' हा प्रतिशब्द रूढ आहे. शब्द सुबक आहे. तथापि त्याच्या पोटात एक गृहीतक दडलेले आहे. ग्राम म्हणजे वस्ती, शेतजमीन, शेजार आणि पिढ्यान्पिढ्या तेथेच नांदणारी माणसे. मूळ ग्रीक 'पारोइकिया' या शब्दाचा अर्थ जवळजवळ याच्या उलट, म्हणजे परक्या भूमीतील तात्पुरता मुक्काम, असा आहे. आरंभीचे ख्रिस्ती स्वतःला या जगातील वाटसरू समजत आणि हे नाव त्या जाणिवेला धरून होते. पुढे वाटसरूंची संस्था स्थायिकांची झाली. पंचविशी-तिशीतील नोकरदार तरुण चर्चच्या नित्य जीवनातून का निसटतो, याची चर्चा सामान्यतः श्रद्धेच्या ऱ्हासापासून सुरू होते. प्रस्तुत लेखात तिचा आरंभ या संस्थात्मक बदलापासून केला आहे.

१९९८ साली मुंबई महाधर्मप्रांतापासून वेगळा झालेला वसई धर्मप्रांत या विवेचनासाठी विशेष उपयुक्त ठरतो. येथील उपासनेची आणि व्यवहाराची भाषा प्रामुख्याने मराठी आहे. केळीच्या बागा, पानवेली, फुलशेती आणि मासेमारी यांवर येथील जीवन उभे होते आणि मिस्सेची वेळ त्या जीवनाशी जुळणारी होती. बागेत जाण्यापूर्वी मिस्सा, दिवेलागणीला घराघरांत प्रार्थना. आज त्याच घरातील मुलगा वा मुलगी पहाटेची लोकल पकडते. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे. कामाचे तास त्यात मिळवले की दिवसाचे काय उरते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. रविवारीही कामाची पाळी असू शकते. अशा व्यक्तीची अनुपस्थिती 'उदासीनता' या सदरात टाकणे सोयीचे असेल, न्याय्य नाही.

दुसरी अडचण वर्गीकरणाची आहे. युवकांचे उपक्रम बहुधा महाविद्यालयीन वयाला साजेसे असतात : क्रीडास्पर्धा, नाट्यस्पर्धा, शिबिरे. विवाहानंतर व्यक्ती कुटुंबांसाठीच्या उपक्रमांत सामावली जाते. या दोहोंच्या मधला, बत्तीस वर्षांचा, अविवाहित, गृहकर्जाचे हप्ते फेडणारा माणूस कोणत्याही यादीत बसत नाही. त्याची आठवण होते ती सणाच्या वर्गणीच्या वेळी, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होईल. पण फार मोठी नाही.

या प्रश्नावर रोमची भूमिका काय आहे? ऑक्टोबर २०१८ मध्ये युवकांवर बिशपांची धर्मसभा भरली. त्यानंतर २५ मार्च २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी 'क्रिस्तुस विवित' हे बोधपत्र स्वाक्षरीत केले. त्यातील २९९ परिच्छेदांपैकी श्रमावरील स्वतंत्र विवेचन २६८ ते २७३ एवढ्याच परिच्छेदांत आहे. बेरोजगारीची वेदना आणि श्रमाची प्रतिष्ठा यांची दखल तेथे आहे, ही जमेची बाजू. परंतु काम हे तरुणाच्या 'पाचारणा'चा भाग मानल्यावर त्या कामाच्या वेळापत्रकाने धर्मग्रामाचे वेळापत्रक बदलावे काय, हा प्रश्न त्या सहा परिच्छेदांत उपस्थित होत नाही. निराळी शैली, निराळ्या वेळा आणि निराळी गती असलेल्या युवाकार्याला वाव द्यावा, असे २३० व्या परिच्छेदात म्हटले आहे; पण ही सूचना नेहमीच्या कार्याला जोड म्हणून येते. नेहमीचे कार्य मात्र अबाधित राहते. बोधपत्राची खरी मर्यादा येथे आहे.

विशेष म्हणजे चर्चचा कायदा याहून लवचीक आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील ५१८ वे कलम धर्मग्राम सामान्यतः भौगोलिक असावे असे सांगते. परंतु १०२ व्या कलमानुसार तीन महिने राहण्याच्या इराद्याने आलेल्या किंवा प्रत्यक्ष तीन महिने राहिलेल्या व्यक्तीला तेथील उपनिवासी मानले जाते, आणि १०७ व्या कलमानुसार तेथील प्रमुख धर्मगुरू तिचाही धर्मगुरू ठरतो. १२४८ व्या कलमाप्रमाणे रविवारचे कर्तव्य आदल्या सायंकाळच्या मिस्सेने, आणि कोणत्याही कॅथलिक चर्चमध्ये, पूर्ण होते. नालासोपाऱ्यात भाड्याच्या खोलीत राहणारा तरुण, नाव नोंदवलेले नसले तरी, तीन महिन्यांत हक्काचा धर्मग्रामवासी होतो. हे त्याला सांगावयाचे कोणी, हा प्रश्न उरतो.

बीड जिल्ह्यातील वाचकाला ही समस्या अपरिचित वाटू नये. येथून ऊसतोडीसाठी कुटुंबे सहा-सहा महिने बाहेर पडतात, तेव्हा गावातील शाळेचा पट आणि प्रत्यक्ष हजेरी यांत तफावत पडते. त्यावर दोन उपाय झाले : कारखान्यावर साखरशाळा आणि गावात हंगामी वसतिगृह. त्यांच्या अंमलबजावणीतील उणिवा सर्वश्रुत आहेत. तरीही गैरहजेरीचे कारण मुलाच्या आळसात न शोधता पालकांच्या कामाच्या हंगामात शोधले गेले, हे महत्त्वाचे आहे.

वसईच्या चर्चला अशी दृष्टी सर्वस्वी नवी नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा जमीन आणि पाणी हे उपजीविकेचे प्रश्न धर्मग्रामाचे प्रश्न ठरले होते. ते संपादित करीत असलेल्या 'सुवार्ता' मासिकातूनही सामाजिक प्रश्नांना स्थान मिळाले. मात्र त्या काळचा 'श्रमिक' प्रामुख्याने बागायतदार होता. कंत्राटी नोकरी, रात्रपाळी, प्रवासाचा शीण आणि घरभाडे यांना तेवढेच स्थान मिळावयाचे असेल, तर आरंभ अगदी साध्या ठिकाणी करावा लागेल : धर्मग्राम समितीची सभा रात्री नऊनंतर ठेवणे आणि तिच्यात लोकलने येणाऱ्या दोघांचौघांना मतासह स्थान देणे.