सोआवेतला कडू बदाम

फुलांचा आणि फळांचा सारा गंध ओसरल्यावर, घोट गिळून झाल्यावर, जिभेच्या मुळाशी जो बारीकसा कडवटपणा रेंगाळतो, तिथूनच सोआवेच्या रसास्वादाला सुरुवात करावी, असे मला वाटते. कडू बदामाची आठवण देणारी ही चव क्षणभरच टिकते. पण तेवढ्यात तोंड लख्ख होते आणि हात आपसूक पुढच्या घासाकडे वळतो. षड्रसांतल्या कडूला आपण एरवी औषधापुरताच मान देतो. या वाइनमध्ये मात्र तो भोजनाचा यजमान आहे.

इटलीत वेरोनाच्या पूर्वेला, तटबंदीने वेढलेल्या सोआवे गावाच्या माथ्यावर स्कालिजेर घराण्याचा किल्ला आहे आणि भोवतीच्या टेकड्यांवर गार्गानेगा द्राक्षांचे मांडव आहेत. लांब, सुटसुटीत घडांची, जाड सालीची ही द्राक्षे सावकाश पिकतात. सोआवेत ती किमान ७० टक्के असावीच लागतात. पूर्वेकडच्या टेकड्यांची माती ज्वालामुखीच्या काळ्या बेसॉल्टची आहे; आपल्या सह्याद्रीचा दगड ज्या जातीचा, त्याच जातीची. पेल्यात नाक घातले की आधी कॅमोमाइलच्या फुलांचा सौम्य दरवळ येतो, मागून पिकलेल्या पेअरचा, पांढऱ्या पीचचा, आणि सर्वांच्या तळाशी ओल्या दगडासारखा एक गार, करडा वास. या वासाचे श्रेय जाणकार त्या काळ्या मातीला देतात.

सोआवे हे नाव बाजारात स्वस्त, पातळ वाइनशी जोडले जात असताना, १९७१ पासून पिएरोपान कुटुंबाने ‘काल्वारिनो’ या आपल्या एकाच मळ्याची वाइन वेगळी भरायला घेतली. गार्गानेगाच्या जोडीला त्रेब्बियानो दी सोआवे, मुरवण काचेचे अस्तर दिलेल्या सिमेंटच्या टाक्यांत, लाकडाचा स्पर्शही नाही. म्हणून तिच्यात जो बदाम लागतो तो पिंपाने दिलेला नसून द्राक्षाचा स्वतःचा असतो. मला या स्वच्छपणाचे फार अप्रूप आहे.

आता पानाकडे वळू. शेजारच्या विचेन्सा शहराचा मानाचा पदार्थ म्हणजे ‘बक्काला आल्ला विचेंतिना’. व्हेनिसचा व्यापारी पिएत्रो क्वेरीनी जहाज फुटून नॉर्वेच्या लोफोतेन बेटांवर जाऊन लागला आणि १४३२ मध्ये परतताना तिथला वाळवलेला कॉड मासा घेऊन आला, अशी त्याची जन्मकथा तिकडे सांगतात. दोनतीन दिवस भिजवलेला हा मासा कांदा, अँचोवी, चीज, दूध आणि भरपूर ऑलिव्ह तेलात तासन्‌तास मंद आचेवर शिजतो. डाव घालून ढवळायचे नाही, भांडेच हलकेच हलवायचे. मऊ पोलेंटावर वाढलेल्या त्या स्निग्ध, दुधाळ घासावर सोआवेचा घोट घेतला की तेलाचा थर अलगद उतरतो आणि माशाची मूळ गोडी नव्याने उजळते.

पण मला विचाराल तर खरी जुगलबंदी रंगते ती व्हेनिसच्या ‘सार्दे इन साओर’शी. तळलेल्या सार्डीनवर मंद परतलेल्या कांद्याचे आणि व्हिनेगरचे थर, त्यात बेदाणे आणि चिलगोज्याच्या जातीची पाइनची बी. नाविकांनी मासा टिकवण्यासाठी शोधलेला हा प्रकार एखाद-दोन दिवस मुरला की खुलतो. व्हिनेगरपुढे भल्याभल्या वाइन फिक्या पडतात. सोआवेची स्वतःची आम्लता मात्र त्या आंबटाशी बरोबरीने बोलते, तिचे पेअर बेदाण्याच्या गोडीला ओळख देते, आणि अखेरीस तो कडवट बदाम पाइनच्या बियांना जाऊन भेटतो. आंबट, गोड, खारट, कडू असे चार रस एका घासात कसे नांदतात ते आपण इथे अनुभवावे. कोवळ्या मटारांचा भात ‘रीसी ए बीसी’, जो २५ एप्रिलला संत मार्कच्या दिवशी व्हेनिसच्या डोजेला, म्हणजे तिथल्या शासनप्रमुखाला, वाढला जाई, तोही हिच्यासोबत सुंदर लागतो. पण तिथे वाइनला विशेष कष्ट पडत नाहीत.

एवढेच करा, ही वाइन बर्फगार पिऊ नका. फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवा, दहा-बारा अंशांवर येऊ द्या. त्याहून गार असली तर फुले गप्प होतात आणि बदामाची नाजूक छटा हाती लागत नाही.