‘अवसर’ चांगलीच, पण सारांश पेपरसोबत हवा

केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने 2018 साली ‘अवसर’ ही स्पर्धा सुरू केली. पीएचडी करणाऱ्यांनी आपलं संशोधन सामान्य वाचकाला कळेल असं, गोष्टीसारखं लिहायचं. पहिलं बक्षीस तेव्हा 1,00,000 रुपये होतं. कल्पना चांगलीच. पण स्पर्धा म्हटलं की सोपं लिहिणं हा ‘वेळ मिळाला तर’ करायचा प्रकार होतो. ते पेपरचाच भाग असायला हवं. ‘ईलाइफ’ हे नियतकालिक 2012 मध्ये सुरू झालं, तेव्हापासून त्यातल्या अनेक पेपरांसोबत सोपा सारांश येत आलाय.

माझंच सांगतो. माझा विषय उसाच्या जमिनीतलं सोडियम. पेपर पाठवण्याआधी पेठ वडगावला घरी आबांना मराठी सारांश वाचून दाखवला. ‘विनिमययोग्य सोडियम 15 टक्क्यांच्या वर’ हे मी समजावून सांगितल्यावर ते म्हणाले, “म्हणजे चोपण जमीनच की! मग जिप्सम किती टाकायचं?”

पहिल्या वाक्याने मला नेमका शब्द मिळाला. दुसऱ्याने माझी चोरी पकडली. जिप्समच्या मात्रेचा प्रयोग मी केलाच नव्हता, तरी निष्कर्षात ‘शेतकऱ्यांना थेट उपयुक्त’ असं ठोकून दिलं होतं. ते वाक्य काढलं.

म्हणून सांगतो, पहिला पेपर पाठवण्याआधी 150 शब्द मराठीत लिहा: काय विचारलं, काय सापडलं, काय अजून माहीत नाही. मग घरी वाचून दाखवा. तिथे जो प्रश्न अडवेल, तो परीक्षकाच्या आधी आपणच सोडवलेला बरा.