हळदीचे आजोळ

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांतात दहा पिढ्यांचे पुरुष ओळीने नोंदले आहेत. माझ्या पणजीचे माहेर मात्र त्यात कुठेच सापडत नाही. औषधी वनस्पतींच्या उत्क्रांतीवरचे अलीकडचे शोधनिबंध वाचताना मला हा ग्रंथ हटकून आठवतो. इथे दोष उलटा आहे. इथे आईचेच कूळ नोंदले जाते आणि तोच सगळा वंश म्हणून वाचला जातो.

हिरव्या पानात प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या हरितलवकाला स्वतःचा डीएनए असतो. 1986 मध्ये जपानी संशोधकांनी तंबाखूच्या हरितलवकाचा संपूर्ण जीनोम वाचला. तो सुमारे 1 लाख 56 हजार अक्षरांचा भरला. एकेका पेशीत त्याच्या पुष्कळ प्रती असतात आणि त्याची रचना सावकाश बदलते. त्यामुळे तो मिळवायला आणि जातीजातींत ताडून पाहायला सोयीचा. या पद्धतीचे मोल मला मान्य आहे.

माझा आक्षेप निष्कर्षांवर आहे. बहुतेक सपुष्प वनस्पतींत हरितलवक बीजांडाकडून येते, परागाकडून नाही. म्हणजे त्यावरून काढलेला वंशवृक्ष आयांचा असतो. जिथे संकर झालेला नाही, तिथे याने फारसे बिघडत नाही. पण हळदीचे काय? तिच्यात सहसा 63 गुणसूत्रे असतात, 21 चे तीन संच. अशा झाडाला बी क्वचितच धरते, म्हणून शेतकरी कंदच लावतो. तिचा उगम संकरातून झाला असावा, असे अभ्यासक मानतात. हळदीच्या प्रजातीत हरितलवकावरून काढलेला वंशवृक्ष आणि केंद्रकातल्या डीएनएवरून काढलेला वंशवृक्ष सर्वत्र जुळत नाहीत. काही निबंध ही तफावत अडचण म्हणून बाजूला सारतात. मला तीच खरी बातमी वाटते, कारण संकराची खूण तिथेच सापडण्याचा संभव असतो.

दुसरी गोष्ट औषधाची. कुर्क्युमिन घडवणाऱ्या विकरांची जनुके केंद्रकात असतात, हरितलवकात नाहीत. मग दोन जाती हरितलवकावरून जवळच्या ठरल्या, एवढ्यावरून त्यांचे औषधी गुणही सारखे असतील, असे कसे म्हणावे? भुकटीतली भेसळ ओळखतानाही हाच धोका आहे. संकरित झाड या चाचणीत आपल्या आईच्या नावावर सहज खपून जाईल.

म्हणून माझी मागणी साधी आहे. हरितलवकाच्या वंशवृक्षाशेजारी केंद्रकाचाही वंशवृक्ष छापावा, आणि दोन्ही जिथे जुळत नाहीत तिथे लेखकाने थांबून कारण शोधावे. ते होईपर्यंत अशा निबंधाच्या शीर्षकात ‘उत्क्रांती’ऐवजी ‘मातृवंश’ असे लिहिणेच प्रामाणिकपणाचे ठरेल. हळदीचे आजोळ कळले, हे चांगलेच झाले. तिच्या बापाची चौकशी अजून व्हायची आहे.